शंभर चिंचोके, एक पिशवी: मोजणीच्या प्रकल्पाबद्दल पालक विचारतात ते प्रश्न

यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या खेड्यांत मी वीस वर्षांहून जास्त काळ पहिली-दुसरीचे वर्ग शिकवते आहे. शाळेतून "मोजणीचा प्रकल्प आणा" असा निरोप गेला की दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या फाटकाशी, आठवडी बाजारात, पाण्याच्या टाकीजवळ तेच ते प्रश्न भेटतात. तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये लेकरं घातलेले पालकही विचारतात, कारण तिथं शाळेच्या शंभराव्या दिवशी शंभर वस्तू आणायला सांगायची पद्धत आली आहे. अंगणवाडीपासून दुसरीपर्यंतच्या लेकरांसाठी मी देते ती उत्तरं ही अशी.

प्रकल्प म्हणजे नेमकं न्यायचं काय?

मोजता येतील अशा वस्तू, आणि त्या मोजणारं लेकरू. पहिली गोष्ट घरोघरी तयार होते, दुसरी बहुतेक ठिकाणी राहून जाते.

हे मलाही उशिरा कळलं. रामानुजन यांचा जन्मदिवस म्हणून २२ डिसेंबरला गणित दिन असतो, त्या दिवशी आम्ही वर्गात प्रदर्शन मांडतो. एका वर्षी थर्माकोलची बैलगाडी आली होती. चाकांना, जुवाला, धुऱ्याला मिळून बरोबर शंभर काड्या लावलेल्या. इतकी देखणी की पहिला नंबर मीच दिला. संध्याकाळी वर्ग आवरताना त्या पोराला सहज विचारलं, "बाबू, चाकाले काड्या किती रे?" तो म्हणाला, "बाबाले माहीत."

तेव्हापासून माझ्या वर्गाचा नियम एकच आहे: वस्तू चिकटवायच्या नाहीत. चिकटवलेली वस्तू एकदाच मोजली जाते, तीही मोठ्यांकडून. सुटी वस्तू दहा वेळा ओतता येते, दहा-दहाचे ढीग करता येतात, भावाला अर्धी देऊन उरलेली मोजता येते, हरवते, सापडते. पहिली-दुसरीचं सगळं गणित या ओतण्या-भरण्यात आहे. फेविकॉल लावला की ते संपलं. (थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात मार्च २०१८ पासून बंदीही आहे, म्हणजे त्या गाडीला नंबर देऊन मी दुहेरी चूक केली.)

खर्च किती येईल?

बहुतेक वेळा काहीच नाही. फार तर रबराची पुडी आणि सुतळी. पन्नासच्या वर आकडा जात असेल तर समजा की प्रकल्प दुकानदार करतोय.

कोणत्या वस्तू घ्याव्यात?

महिना पाहून घ्या. आपल्याकडं शाळा जूनच्या अखेरीस उघडते. तेव्हा घराघरांत उन्हाळ्यात फोडलेल्या चिंचेचे चिंचोके असतात. माझ्या मते चिंचोक्याला तोड नाही. गुळगुळीत, बोटात धरता येण्याजोगा, वर्षानुवर्षं टिकणारा, फुकट. जांभळाच्या बिया त्याच सुमारास मिळतात. धुऊन वाळवल्या की चांगल्या. मोहाच्या टोऱ्या, म्हणजे बिया, दिसायला सुंदर असतात, मात्र तेल सुटून वहीला डाग पडतात.

दसरा-दिवाळीला सोयाबीन घरात येतं. पुढं तूर, मग हरभरा. जानेवारीत बोराच्या आठळ्या. ज्यांच्या घरी यातलं काहीच नाही त्यांनी नाल्यातले गोटे आणावेत. एकसारखे शंभर गोटे निवडायला लेकरू अर्धा दिवस लावतं आणि त्या निवडण्यातही लहान-मोठं, जड-हलकं येऊन जातं.

मोजायच्या काड्यांसाठी विझलेल्या उदबत्तीच्या काड्या मला सगळ्यात सोयीच्या वाटतात. सारख्या लांबीच्या असतात आणि देवळातल्या महाराजांना सांगून ठेवलं तर महिनाभरात शंभर जमतात. टोक मात्र जमिनीवर घासून बोथट करा. तुराट्या जाड पडतात, दहाची पेंडी लहान मुठीत मावत नाही. काडेपेटीच्या काड्या घ्यायच्याच असतील तर गुल काढून.

पाण्याच्या बाटल्यांची झाकणं लग्नाच्या मांडवात एका दिवसात पिशवीभर मिळतात. लग्नपत्रिका फेकू नका. तिचा जाड कागद अंकपत्त्यांना फार चांगला.

आमचं लेकरू शंभरपर्यंत धाडधाड म्हणते, मंग मोजाले बसवलं की चुकते कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. एका आजीनं तो असा विचारला होता: "म्हन्ते शंभरलोक, पन चिंचोके समोर ठेवले की सतरावर अटकते. लबाडी करते का जी?"

लबाडी नाही. अंक म्हणणं हे गाणं आहे आणि मोजणं हे काम आहे. लहान मुलं मोजायला कशी शिकतात याचा अभ्यास करून रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली पाच तत्त्वं मांडली. आपल्या ओसरीवर बसून ती दिसतात. एका वस्तूला एकच अंक द्यायचा. लेकरू बोट एका चिंचोक्यावर ठेवतं आणि तोंडानं दोन अंक पुढं जातं, किंवा मोजलेल्यालाच पुन्हा मोजतं. अंकांचा क्रम दरवेळी तोच हवा. शेवटी म्हटलेला अंक म्हणजे सगळ्या ढिगाची संख्या, हे कळायला हवं. हे तिसरं सर्वांत अवघड. "किती झाले?" विचारलं की उत्तर देण्याऐवजी लेकरू पुन्हा एकपासून सुरू करतं, ते यामुळं. चौथं, चिंचोके असोत की बकऱ्या की टाळ्या, मोजायची रीत तीच. पाचवं, डावीकडून मोजा की मधूनच, उत्तर बदलत नाही.

घरी करायचं एवढंच. दोन ताटल्या घ्या. एकीतला चिंचोका उचलून दुसरीत टाकायचा आणि टाकताना अंक म्हणायचा. बोट दाखवून मोजू नका, उचलून मोजा. उचललेला परत उचलला जात नाही, त्यामुळं अर्ध्या चुका तिथंच जातात. मोजून झालं की ताटलीवर फडकं टाका आणि विचारा, आत किती? फडकं न उचलता सांगितलं, तर तिसरी पायरी चढली.

किती वयाच्या लेकरानं किती वस्तू न्याव्यात?

सरसकट शंभर ही हौस आहे. केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ ला सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात बालवाटिकेसाठी (पहिलीच्या आधीचा वर्ग) १० पर्यंतचे अंक, पहिलीसाठी ९९ पर्यंत, दुसरीसाठी ९९९ पर्यंत आणि तिसरीसाठी ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचण्या-लिहिण्याचं लक्ष्य आहे. त्यावरून अंदाज घ्या. अंगणवाडीतल्या तीन-चार वर्षांच्या लेकराला पाच वस्तू पुरतात. पाच बांगड्या, पाच वाट्या. पाच वर्षांच्याला दहा. पहिलीत दिवाळीपर्यंत वीस पक्के झाले की पुढं जा. शंभर वस्तू दुसरीच्या लेकराच्या हातात शोभतात, पहिलीच्या चुणचुणीत लेकरालाही चालतील.

शाळेनं शंभरच सांगितले असतील आणि लेकरू लहान असेल, तर दहा पुरचुंड्यांत दहा-दहा बांधून द्या. त्याला दहा पुरचुंड्या मोजता आल्या तरी खूप झालं.

चिकटवायचं नाही, मग टेबलावर मांडायचं कसं? बाकीच्यांचे चार्ट किती छान असतात.

अंड्याचा ट्रे आणा. किराणा दुकानात किंवा ढाब्यावर फुकट मिळतो. त्यात पाचाच्या सहा ओळी, म्हणजे तीस खळगे असतात. दोन-दोन ओळी कापल्या की एका ट्रेचे दहा खळग्यांचे तीन तुकडे होतात. शंभरासाठी दहा तुकडे लागतील, म्हणजे चार ट्रे, आणि दोन तुकडे उरतील. एका खळग्यात एक चिंचोका. हा तुकडा मला कुठल्याही चार्टपेक्षा मोलाचा वाटतो, कारण भरलेले खळगे आणि रिकामे खळगे एकदम दिसतात. सात भरले की तीन रिकामे. "दहाला किती कमी?" हे तोंडानं विचारावंच लागत नाही.

टेबलाचा रुबाब हवाच असेल तर तुकड्यांना गेरू आणि चुन्याचा हात द्या. पोळ्याला उरलेला रंग घरात असतोच.

शंभर मण्यांची माळ कशी करायची? दुकानातली महाग पडते.

आधी काय करू नये ते सांगते. काळ्या मातीचे मणी करू नका. आपली कपाशीची जमीन ओली असताना लोण्यासारखी वळते आणि वाळताना आवळते, तडकते. शेताला जशा भेगा पडतात तशाच मण्याला पडतात. करायचेच असतील तर कुंभाराकडून माती आणा.

त्यापेक्षा ठिबकची जुनी नळी घ्या. ज्यांच्या वावरात संत्रा किंवा कपाशी ठिबकवर आहे त्यांच्याकडं उंदरानं कुरतडलेल्या, चोंदलेल्या नळ्यांचं भेंडोळं गोठ्यात पडलेलं असतं. १६ मिलिमीटरची काळी नळी धुऊन तिचे दोन-दोन सेंटीमीटरचे तुकडे करा. हे काम मोठ्यांचं, लेकराच्या हातात पातं नको. खत किंवा औषध सोडलेली नळी असेल तर साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवून नीट खळखळा. दहा काळे तुकडे सुतळीत ओवा, पुढच्या दहांवर जुन्या साडीची लाल चिंधी गुंडाळा, पुन्हा दहा काळे. असं शंभरपर्यंत.

या माळेची गंमत अशी की दोन सेंटीमीटरचे शंभर तुकडे म्हणजे पूर्ण दोन मीटर. पन्नासाव्या मण्यापाशी एक मीटर होतो. माझ्या वर्गातल्या एका पोरीनं अशी माळ घेऊन घरातली म्हैस मोजली होती, शिंगापासून शेपटीपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी आकडा सांगितला तो मण्यांत.

माळेवर कपड्याचा चिमटा लावत जा. "चौतीसवर लाव" म्हटलं की एकेक मोजणारं लेकरू काही दिवसांनी तीन पट्टे उडी मारून चार मणी मोजतं. ती उडी दिसली की त्या दिवशी मी डबा जरा खुशीत खाते.

झाडापानांचा काही प्रकल्प होतो का?

पळसाला पानं तीनच, ही म्हण आपण गावोगाव सारखंच असं सांगायला वापरतो. मी ती तीनच्या पाढ्याला वापरते. पळसाच्या एका देठाला तीन पर्णिका असतात. देठ तोडून आणायचे, एका देठाला तीन, दोन देठांना सहा, दहा देठांना तीस. पाढा पाठ करायच्या आधी डोळ्यांना दिसतो. बेलाचंही तसंच, पण बेलाचं झाड ओरबाडलं तर गावकरी रागावतात.

शेंगा तर उघडायचीच वाट पाहत असतात. दहा शेंगा मुगाच्या, दहा तुरीच्या, दहा सोयाबीनच्या आणि दहा घाटे हरभऱ्याचे घ्या. हंगाम वेगळे आहेत, तेव्हा वर्षभर जमेल तसं. प्रत्येक शेंग फोडून दाणे मोजायचे आणि पाटीवर रेघा मारायच्या. हरभऱ्याचा घाटा एक-दोन दाण्यांवर संपतो, सोयाबीनमध्ये दोन-तीन निघतात, तुरीत बहुधा तीन ते पाच, मुगाची शेंग दहाच्या पुढं जाते. फुटलेल्या कपाशीच्या बोंडात कप्पे मोजा, कधी चार, कधी पाच, देशी वाणात तीनही. नागपुरी संत्र्याच्या फोडी साधारण नऊ ते बारा भरतात. "सगळ्यांत सारख्याच का नाहीत मॅडम?" असं एखादं विचारतंच. उत्तर नाही दिलं तरी चालतं, आणखी पाच संत्री सोलू द्या.

थोडं मोठ्या लेकरासाठी, दुसरीसाठी, काही वेगळं?

शंभर दाण्यांचं वजन. हा प्रकल्प मला शेतीतून सुचला. पिकाचा दाणा किती भरला आहे हे पाहायला कृषी शास्त्रज्ञ शंभर दाणे मोजून त्यांचं वजन करतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून येणाऱ्या वाणांच्या माहितीतही हा आकडा दिलेला असतो. जे काम शास्त्रज्ञ करतात तेच दुसरीच्या लेकराला करता येतं, फक्त मोजता आलं पाहिजे.

घरातल्या तुरीचे, सोयाबीनचे, हरभऱ्याचे, ज्वारीचे शंभर-शंभर दाणे मोजायचे. दहा-दहाचे ढीग करून मोजा, नाहीतर साठ-सत्तरावर कुणीतरी हाक मारतं आणि पुन्हा पहिल्यापासून. चार पुड्या बांधा, वर नाव लिहा आणि किराणा दुकानात गर्दी नसताना जा. ग्रॅम दाखवणारा काटा तिथं असतो. वजन करण्याआधी लेकराला विचारा, कुठली पुडी जड? तूर साधारण दहा ग्रॅमच्या आसपास भरेल, सोयाबीन तिच्या बरोबरीनं किंवा किंचित वर, देशी हरभरा पंधरा ते पंचवीस आणि ज्वारी जेमतेम तीन. आकडे सगळीकडं सारखेच: शंभर, शंभर, शंभर. वजनं मात्र वेगळी. संख्या आणि माप या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे माझ्या तासभराच्या बोलण्यापेक्षा त्या चार पुड्यांनी लवकर कळतं.

कोरडवाहू तुकड्यातली तूर आणि ओलिताची तूर यांच्या दोन पुड्या केल्या तर बापही काट्याजवळ येऊन उभा राहतो.

लेकरू पंचवीस म्हटलं की ५२ लिहिते. डोकं कमी आहे का?

नाही हो. मराठीच तशी आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, वीस नंतर. लिहिताना दोन आधी लिहायचा. कानानं ऐकलं तसं लिहिलं, यात लेकराची काय चूक? शिवाय एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. तीस कानावर पडतं आणि लिहायचा असतो दोन. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं करत एकोणनव्वदपर्यंत हा नियम नीट चालतो आणि नव्व्याण्णवला अचानक मोडतो.

२०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचायची रीत आणली तेव्हा केवढा वाद झाला होता. जोडाक्षरांच्या नावांमुळं मुलं अडखळतात, असं गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं. मी वर्गात दोन्ही वापरते. पारावरच्या म्हाताऱ्यांशी बोलायला पंचवीस लागतं, लिहायला 'वीस पाच' मदतीला येतं.

घरी काड्यांनी करा. दहा काड्यांना रबर लावलं की एक दशक. पंचवीस म्हटलं की डाव्या हाताला दोन पेंड्या, उजव्या हाताला पाच सुट्या. खाली लग्नपत्रिकेचे दोन पत्ते, २ आणि ५. मग पत्ते अदलाबदल करा आणि विचारा, आता काड्या कशा मांडशील? पाच पेंड्या आणि दोन सुट्या मांडताना ढिगाचा आकारच सांगतो की बावन्न आणि पंचवीस एक नाहीत. सूचना एकच: पेंडी लेकरानंच बांधावी आणि गरज पडली की त्यानंच सोडावी. पुढं वजाबाकीत हातचा घेताना तीच पेंडी सुटते.

आम्हाले लिहिता-वाचता येत नाही. आम्ही काय शिकवणार?

हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण गावात मोजणारे हात तुमचेच आहेत. कडब्याच्या पेंड्या शेकड्यानं कोण मोजतं? गोवऱ्या कोण रचतं? गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडं मे महिन्यात अख्खं घर तेंदूपत्त्याचे पुडे बांधायला बसतं. महाराष्ट्रात एका पुड्यात सत्तर पानं, आणि बांधणाऱ्या बाईचे हात न अडखळता सत्तरावर थांबतात. लेकराला शेजारी बसवा, दहा-दहा पानं तुमच्या हातात द्यायला सांगा. सात वेळा दिलं की पुडा झाला.

जुनी माणसं अंगठ्यानं बोटांची पेरं मोजतात. चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं, एका हातावर बारा. डझन तिथंच आहे. एखाद्या आजोबांना शाळेत पाठवून ही रीत दाखवायला लावा, तोसुद्धा प्रकल्पच.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण द्यायचा विचार मांडला, तेव्हा हेच डोळ्यांसमोर होतं. सुताचा हिशेबच बघा: चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची गुंडी. म्हणजे ६४० तार. गुंडी पुरी झाली का हे पाहायला मोजावंच लागे.

आमच्या घरी गोंडी बोलतात. मोजणी मराठीतच घ्यावी का?

दोन्हींत घ्या, आधी घरच्या बोलीत. उंदी, रंड, मूंद म्हणत तीन गोटे नीट उचलणाऱ्या लेकराला मोजणं येतं, फक्त मराठी नावं यायची आहेत. ती आठवड्याभरात येतात. कोरकू, कोलामीचंही तसंच. प्रकल्पाच्या पत्त्यांवर अंक लिहा, शब्द नको. मग वर्गासमोर लेकराला आधी आपल्या बोलीत मोजू द्यायला शिक्षकांना सांगा. बाकीची पोरं ते लगेच उचलतात आणि सुट्टीत तसंच मोजत फिरतात.

कोणत्या वस्तू अजिबात देऊ नयेत?

इथं मी कडक आहे.

गुंजा नकोत. लाल-काळ्या, फार सुंदर दिसतात आणि फार विषारी असतात. एरंडी आणि चंद्रज्योतीच्या बियाही नकोत. सीताफळाच्या बिया अख्ख्या असतील तोवर मोजायला चालतात, पण फोडू देऊ नका, त्यांची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. पेरणीसाठी पाकिटातून आलेलं गुलाबी, लाल, निळं बियाणं हे औषध लावलेलं असतं, त्याला लेकराचा हातही लागायला नको. फवारणीच्या औषधाच्या डब्यांची झाकणं कितीही रंगीत असोत, कितीही धुतलेली असोत, नकोत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. ते आम्ही जवळून पाहिलं आहे.

घड्याळातले, खेळण्यातले गोल चपटे सेल मोजायला देऊ नका, गिळले गेले तर जिवावर बेततं. घरात तीन वर्षांच्या आतलं भावंड असेल तर शेंगदाणे, हरभरे, मणी त्याच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवा. नाकात दाणा गेला तर तो ओलाव्यानं फुगतो. पिन, काडी घालून काढायला जाऊ नका, सरळ दवाखाना गाठा. माझ्या वर्गात एकदा तुरीचा दाणा असाच गेला होता आणि चिमट्यानं काढायच्या नादात तो मी आणखी आत ढकलला. ते लेकरू मोठं झालं, मला अजून लाज वाटते.

दाण्यांना किडे लागतात, उंदीर खातात. काय करावं?

दोन दिवस कडक उन्हात वाळवा, पिशवीत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका, झाकणाच्या डब्यात ठेवा. किंवा चिंचोकेच घ्या.

अंक मराठी लिहावेत की इंग्रजी?

शाळा ज्या माध्यमाची, ते आधी. पत्त्याच्या मागच्या बाजूला दुसरे लिहा. मोबाईलवर आणि नोटेवर दोन्ही दिसतातच.

पोळ्याच्या वेळी काही करता येईल का?

तान्हा पोळा आपल्या विदर्भाचा, आणि त्याच्याइतका आयता प्रकल्प वर्षभरात दुसरा नाही. लाकडी नंदी घेऊन लेकरं घरोघर फिरतात, बोजारा मिळतो. रात्री ते पैसे ताटात ओता. एकाची, दोनाची, पाचाची, दहाची नाणी वेगळी करायला लावा. आधी नाणी किती, मग रुपये किती. बारा नाणी आणि एकतीस रुपये कसे, यावर भावंडांत भांडण होतं, होऊ द्या. किती घरी गेलो, कुणी काय दिलं, याच्या रेघा पाटीवर मारल्या की दुसऱ्या दिवशी शाळेत न्यायला प्रकल्प तयार. पैसे नेऊ नका, पाटी न्या.

प्रकल्प दाखवून झाला, आता त्या वस्तूंचं काय?

पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवा. काही चिंचोके फोडून दोन फाका करा, चार फाका म्हणजे अष्टा-चंगाचे फासे. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, चारही काळ्या पडल्या तर आठ, बाकी जितक्या पांढऱ्या तितकी घरं. आजी आणि नातू यात तासन्‌तास मोजतात आणि कुणाला अभ्यास वाटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी सगळ्यांना पिशव्या पुन्हा आणायला सांगते. शंभर कधीच येत नाहीत. एकदा एकाची पिशवी ओतली, दहा-दहाच्या ओळी लावल्या, त्र्याण्णव भरले. मी विचारलं, "किती हरवले रे?" तो बोटांवर मोजत राहिला. मागून त्याची बहीण म्हणाली, "सात."

तो म्हणाला, "सात नाही मॅडम, सहा. एक माह्या खिशात हाये."